ठेका राहिला, हिशेब गेला

2021 च्या दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला तो नावापुरता. थोडा ताप, थोडा खोकला. ऑक्सिजन कधीच उतरला नाही. पुन्हा तबल्याच्या साथीला बसू लागलो तेव्हा कळलं, काहीतरी उणं आहे.

बोटं जागच्या जागी होती. ठेका, कायदे, रेले, गुरुजींनी घोटून घेतलेलं सारं शाबूत. गेला होता तो आयत्या वेळचा हिशेब. तीनतालात ‘तिटकत गदिगन धा’ हा तीन मात्रांचा तुकडा खालीपासून तीनदा वाजवला, की शेवटचा धा समेवर पडतो. ही तिहाई शिकाऊ मुलालाही येते. पण गायकाची तान कुठे वळतेय ते ऐकता ऐकता पुढची तिहाई कुठून उचलायची हे मनात धरून ठेवणं, ते जमेना. विलंबित एकतालात तर आवर्तन मिनिटभर लांबतं. सातव्या-आठव्या मात्रेला मी कुठे आहे हेच पुसलं जायचं. गाणारे बुवा मुखड्याकडे निघाले की त्यांच्या स्वरांवरून सम ओळखायचो. दुसऱ्या दिवशी बोलायचंही त्राण नसायचं.

आमच्याकडे प्रत्येक उणिवेवर औषध एकच, रियाज. ‘बैठक वाढव,’ सगळे म्हणत. वाढवली की थकवाही वाढे आणि डोक्यातलं धुकंही.

हे मनाचे खेळ नव्हेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये 785 जणांचे दोन-दोन मेंदू-स्कॅन ताडून निष्कर्ष मांडले. त्यातल्या 401 जणांना मधल्या काळात कोविड झाला होता, बहुतेकांना सौम्यच. त्यांच्या मेंदूत वासाशी जोडलेल्या भागांत जास्त झीज दिसली. आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून जोडायच्या चाचणीतही त्यांना अधिक वेळ लागू लागला. फरक सरासरीचा, बारीक. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण ती चाचणी म्हणजे आमची साथच की! एक कान गायकाकडे, एक मात्रांकडे.

मला उतार पडला तो बेतानं वाजवल्यानं. छोटी बैठक, मध्ये विश्रांती, आधी मध्यलय आणि विलंबित फार नंतर. अजूनही लांबलेल्या मैफलीनंतरचा दिवस मी मोकळा ठेवतो.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. ताप उतरून महिने लोटले तरी शागीर्द समेला चुकत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे पाठवा. झोप, बी-12, थायरॉइड तपासून घेऊ द्या. आणि तोवर त्याचा रियाज निम्मा करा.