होटगीचा फाटा आणि चौकटीचा कोपरा

सोलापूरच्या आसरा चौकातून होटगी रस्त्याला लागलात की विमानतळ आणि कुमठ्याचा सिद्धेश्वर साखर कारखाना मागे पडतो आणि काळे रान सुरू होते. सोलापूरपासून पंधराएक किलोमीटरवर होटगी. हिवाळ्यात गेलात तर रस्त्याकडेला ज्वारी डोलत असते आणि तलावावर दूरदेशीचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. कानावर मराठीइतकीच कानडीही पडते.

होटगीला बघायचे ते स्टेशन. सोलापूरहून आलेले रूळ येथे दोन वाटांनी जातात. एक वाट वाडी-गुंतकलकडे, दुसरी विजयपूर-गदगकडे. मुंबई-रायचूर मार्ग 1871 मध्ये जोडला गेला. गदगचा फाटा 1884 च्या सुमारास आला. पण पहिला मार्ग साडेपाच फूट रुंद आणि गदगचा जेमतेम सव्वातीन फूट! एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर जाईना. माल उतरवा, पुन्हा भरा, माणसांनी गाठोडी घेऊन गाडी बदला, असे किती तरी वर्षे चालले. या शतकाच्या पहिल्या दशकात गदगचा मार्गही रुंद झाला, तेव्हा कुठे ही दगदग संपली. माप जुळले नाही की किती हात राबतात, हे शिकावे तर होटगीत.

हाच धडा मला तिथल्या मावशीच्या घरी मिळाला. खिडकीला डासांची जाळी बसवायची होती. म्हटले, सुतार कशाला, लाकडी चौकट आपणच करू. साध्या करवतीने अंदाजाने तिरके काप घेतले, खिळे ठोकले आणि चौकट उभी केली. मावशी म्हणाली, "हे काय करायलास रे? ह्या फटीतनं डास काय, चिमणी बी आत येईल!" लाकूड वाया गेले ते गेलेच, वर दिवसभराची मेहनत गेली.

चूक कुठे झाली ते ऐका. चौकटीला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन काप, म्हणजे एकूण आठ. प्रत्येक काप 45 अंशांचा हवा. प्रत्येकात अर्ध्या अंशाचीच चूक एकाच बाजूला झाली, तरी शेवटच्या कोपऱ्यावर चार अंशांची फट साचते. दोन इंची पट्टीत ती पाच मिलिमीटर भरते. समोरासमोरच्या पट्ट्या लांबीला सारख्या नसतील तर कोन बरोबर असूनही चौकट वाकडीच बसते.

मग बाजारात मायटर सॉ नावाचे विजेवरचे यंत्र दिसते. पाते फिरवून नेमक्या कोनात लावायचे, खाली दाबायचे, काप तयार. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडे तुम्ही ते पाहिले असेल. मोह होतो. पण खिसा उघडण्याआधी काप मोजा. घरातल्या चार खिडक्या म्हणजे बत्तीस काप. तेवढ्यासाठी कोनाच्या खाचा पाडलेली लाकडी पेटी आणि पाठीवर लोखंडी पट्टी असलेली बारीक दातांची करवत पुरते. दोन्ही मिळून काहीशे रुपयांचे काम, आणि वीज गेली तरी हात चालतो. पुढे मी त्याच पेटीवर चौकट केली, ती आजही खिडकीत आहे. नाही तर मापे घेऊन सुताराकडे जा आणि काप मारून आणा.

फोटोच्या चौकटी, शाळेची बाके, कपाटे असे काम सतत निघणार असेल, किंवा मुलाला जोडधंदा करायचा असेल, तर मात्र यंत्र घ्या. त्यासाठी काही हजार लागतात, म्हणून या गोष्टी बघा.

पाते दहा इंची असले की घरकामाला भागते. साधे, कोनात फिरणारे यंत्र पुरेसे आहे. पाते आडवे कलणारे आणि पुढेमागे सरकणारे यंत्र महाग पडते. रुंद फळ्या कापायच्या नसतील तर त्यावर पैसे घालू नका. दुकानातच रुंद पट्टीवर सरळ काप मारायला सांगा. एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. मग 45 अंशांचे दोन काप भिडवून गुण्या लावा. कोन पक्का राहत नसेल, हाताळताना पाते डुलत असेल, तर स्वस्त असले तरी ते परत करा.

लाकडाला चाळीस ते साठ दातांचे पाते ठीक. अॅल्युमिनियमचे पाते वेगळे असते. लोखंडाचे कटर यंत्र तर निराळेच, त्याची चकती इथे लावू नका. नवे पाते आणताना मधल्या भोकाचे मापही न्या. कार्बन ब्रश सोलापुरात मिळतात का, तेही विचारून ठेवा.

विजेकडे लक्ष हवे. 1800 वॅटचे यंत्र सुमारे आठ अँपियर ओढते. त्याला मोठा, अर्थिंगचा प्लग हवा. बारीक वायर लांबवर ओढलीत तर दाब उतरतो आणि मोटार तापते.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट, बोटे. पात्यावरचे झाकण आपोआप खाली येत नसेल तर यंत्र घेऊ नका. हात पात्यापासून वीतभर लांब, लाकूड शिकंजात. पदर, उपरणे, बांगड्या आवरा; हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. डोळ्यांना चष्मा लावा. पाते पूर्ण थांबल्यावरच वर उचला. जुन्या दाराचे लाकूड असेल तर आधी खिळे काढा. बाभळीची गोल फांदी यावर कधीही कापू नका, ती गरकन फिरते. आणि पोरांना अंगणात जवळ फिरकू देऊ नका.

होटगीला गेलात तर परतीच्या गाडीची वाट बघताना फलाटावरून तो फाटा जरूर बघा. रूळ किती बेताने वळलेत ते दिसेल. मग घरी येऊन आधी खिडक्या मोजा, काप मोजा, आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढा.