चाळीस दिवसांचा हिशेब

"कपाळाला काय लागलंय रे? वर्कशॉपमधून सरळ इकडेच का?"

5 मार्च 2025, बुधवार. रात्री मेसच्या रांगेत काकांनी मला अडवलं. म्हटलं, "काका, राख आहे. आजपासून आमचा उपवासकाळ." काकांचा डाव हवेतच थांबला. "तुझाही? मग मी स्वयंपाक करायचा तरी कोणासाठी?"

काकांचंही बरोबर होतं म्हणा. 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली. माझ्या रूम पार्टनरने साबुदाणा खिचडीच्या तीन प्लेटा संपवून 'कडक' उपवास पार पाडला. 2 मार्चपासून समोरच्या रूममधल्या मित्राचे रोजे सुरू झाले आणि सेहरीच्या त्याच्या गजराने सगळा मजला उठू लागला (तो सोडून!). आणि आता मी.

मी वसईचा. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला अजून 'देऊळ' म्हणतात. राखेच्या बुधवारी देवळात कपाळाला राख लावतात. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. माणूस मातीचा आणि मातीतच जायचा, याची ती आठवण. तिथपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस भरतात 46. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार वजा! रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्यावरून हा आकडा आला.

नियम तसे सोपे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीचे. त्या दिवशी 18 ते 59 वयाच्या माणसाने एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. शिवाय या काळातल्या शुक्रवारी मांस बंद. मासे चालतात. वसईच्या माणसाला ही केवढी सवलत! पण आमच्या आजीला सवलती मान्य नाहीत. चाळीस दिवस तिच्या स्वयंपाकघरात बोंबीलसुद्धा येत नाही. मासळीचे वाचलेले पैसे ती एका पत्र्याच्या डब्यात टाकते आणि ईस्टरआधी गरजूंना देऊन टाकते. प्रार्थना, उपवास, दान ही तिपाई आहे, एक पाय काढला की पडते, असं तिचं म्हणणं.

मी मेसचं चिकन सोडलं. माझ्या वाटणीचं चिकन रूम पार्टनरला मिळू लागलं, त्यामुळे माझ्या धर्माबद्दल त्याचा आदर फार वाढला. "काय कंट्रोल आहे यार तुझा!" असं चारचौघांत म्हणायचा. मलाही बरं वाटायचं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. फेब्रुवारीत निकाल लागला आणि एम-थ्रीत माझी केटी लागली. घरी सांगितलं, "पास झालो." परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे मागितले ते पुस्तकांच्या नावाखाली. पप्पा केळीच्या वाडीत राबतात. त्यांनी एक शब्द न विचारता पैसे पाठवले.

मार्चअखेर कॉलेजजवळच्या चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलो. आधी चिकनचं सांगितलं, मग हळूच हे. फादर चिकनबद्दल काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरी सांग. फोनवर नको, समोर बसून."

17 एप्रिलला, पवित्र गुरुवारी, घरी पोहोचलो. त्या संध्याकाळी देवळात बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. त्या बारांत यंदा पप्पा होते. मम्मीने दुपारीच त्यांच्या टाचा दगडाने घासून दिल्या होत्या, तरी भेगांतली माती काही निघाली नव्हती. फादर खाली वाकले. त्यांनी त्या पायांवर पाणी ओतलं, पुसले. पप्पा लाजून छताकडे बघत होते. मी मागच्या बाकावर होतो. वर बघवेना.

परत येताना वाटेत सांगून टाकलं. केटीचं आणि पैशांचंही. पप्पा चालत राहिले, काहीच बोलले नाहीत. पवित्र गुरुवारच्या मिस्सात वाजलेल्या घंटा ईस्टरच्या रात्रीपर्यंत पुन्हा वाजत नाहीत. त्या वर्षी आमचं घरही तसंच मुकं झालं. गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकून केली, पण एकमेकांशी शब्द नाही.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"मे मध्ये."

"पुस्तकं आणलीस?"

"नाही. पैसे फॉर्मला गेले."

"मग अभ्यास काय हवेत करणार?" ते उठले, खिशातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले. माझी नजर सहज फळीवरच्या डब्याकडे गेली. आजी पटकन म्हणाली, "त्याच्याकडे बघू नकोस. ते दुसऱ्यांचे आहेत!" पप्पा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मित्रांनो, एम-थ्री सुटला. काठावर का होईना, सुटला! पण माझ्या चाळीस दिवसांचा हिशेब त्याआधीच जुळला होता. चिकन सोडणं मला अजिबात जड गेलं नव्हतं. जड गेली ती देवळापासून घरापर्यंतची दहा मिनिटांची वाट.

उपवासकाळ आला की चिकन याहीपुढे सोडेनच (रूम पार्टनरचीही तीच इच्छा आहे). फक्त त्याआधी घरी एक फोन करीन.