खार्चार! म्हणजे निघणं!

हातातलं काम जरा बाजूला ठेवा! काल रात्री मला एक शब्द सापडलाय आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही!

आधीच कबूल करते, स्पॅनिश साहित्यातलं मला काही कळत नाही. ती भाषा येत नाही, मार्केसच्या पुढे मी कधी गेलेही नव्हते. पण युरी एरेरा या मेक्सिकन लेखकाची २००९ सालची एक छोटीशी कादंबरी लिसा डिलमन यांच्या इंग्रजी अनुवादात हाती आली, आणि मग जेवण राहिलं, आणि मग झोपही राहिली!

नायिका माकिना. तिच्या गावाखालची जमीन चांदीच्या हव्यासापायी इतकी पोखरलेली, की सुरुवातीलाच रस्ता खचतो आणि एक म्हातारा आत गडप! गावातला टेलिफोन ही पोरगी सांभाळते. आसपास दुसरा फोनच नाही! सीमेपलीकडे गेलेल्यांचे फोन तिच्याकडेच येतात, कधी गावच्या मूळ भाषेत, कधी स्पॅनिशमध्ये, कधी इंग्रजीत, आणि तिला तिन्ही येतात! जागतिकीकरण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काचेच्या उंच इमारती यायच्या. आणि इथे ते एका पोरीच्या कानाला लावलेल्या रिसीव्हरमधून बोलतंय!

आणि मग आई तिच्या हाती एक चिठ्ठी देते, तिकडे गेलेल्या भावासाठी, आणि मग ती रात्री रबरी ट्यूबवर बसून नदी ओलांडते, आणि मग गोळीबार होतो, आणि एवढं सगळं होऊनही लेखक दोन्ही देशांची नावं घेतच नाही! भाऊ सापडतो की नाही ते तुम्हीच वाचा. एवढंच सांगते, त्याच्याकडे आता दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे! कागदपत्रांसकट! आणि प्रकरणं किती? नऊ! अस्तेक लोकांच्या कथांत मेलेल्या माणसाला मिक्त्लानपर्यंत, म्हणजे मृतांच्या लोकापर्यंत, जायला टप्पेही नऊच! कळल्यावर मी अनुक्रमणिका पुन्हा मोजली!

आता तो शब्द. माकिना कुठूनही निघाली की एरेरा 'खार्चार' हे क्रियापद वापरतो. स्पॅनिशमध्ये या अर्थाचं असं क्रियापदच नाही! त्यानं ते घडवलंय, 'खार्चा'वरून. खार्चा म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी स्पेनमधल्या अरबी आणि हिब्रू कवितांच्या शेवटी यायच्या त्या ओळी. बोलीभाषेतल्या, बहुतेकदा बाईच्या तोंडच्या, पण लिहिलेल्या अरबी किंवा हिब्रू लिपीत! एकाच ओळीत केवढी ये-जा! डिलमनबाईंनी तर इंग्रजीत कवितेसाठीच्या 'व्हर्स' शब्दाचंच क्रियापद केलंय. माकिना खोलीतून निघते तीही कवितेतून!

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अरबीत त्या ओळीचं नाव 'खर्जा'. धातू ख-र-ज, बाहेर पडणं. खर्जा... खारीज! आपला खारीज! अर्ज खारीज, दावा खारीज! आपला खर्चही त्याच घरातला, बाहेर जाणारा पैसा! मेक्सिकोतली ती पोर ज्या शब्दानं घर सोडते, त्याचा सख्खा भाऊ इथे आपल्या कोर्टात बसलाय!

रात्री साडेअकराला वहिनीला फोन लावला. ती वकील, 'खारीज' रोज तिच्या तोंडी. "वहिनी, हा शब्द स्पेनवरून मेक्सिकोला गेलाय!" ती झोपेत होती, तरी मी सगळं ऐकवलं. मग विचारलं, "मराठीत या क्रियापदाचं काय करायचं गं? 'ती जाते' लिहिलं तर सगळी मजाच जाईल."

पलीकडे जरा शांतता. मग वहिनी म्हणाली, "अगं, घरातून निघताना आपण 'जाते' कुठे म्हणतो? 'येते' म्हणतो."

मी उठून दिवा लावला आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं. कारण माकिनाने सामान थोडंसंच घेतलंय. ती परत यायचं ठरवूनच निघालीय!