मिरामारच्या वाळूवरून

वाचकहो, पणजीस गेलात तर एक पहाट मिरामारच्या किनाऱ्यासाठी अवश्य राखून ठेवा. गास्पार दियश या जुन्या नावानेही हा किनारा ओळखला जातो. मांडवी येथेच समुद्रास मिळते. पलीकडे आग्वादचा किल्ला दिसतो, मागे सुरूची झाडे उभी असतात. एरवी शांत असलेली ही वाळू वर्षातून एका रविवारी शेकडो पावलांनी गजबजून जाते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येथे ट्रायथलॉनची शर्यत भरते. २०१९ साली तिचा आरंभ झाला. महामारीमुळे पडलेल्या खंडानंतर २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. प्रथम समुद्रात १.९ किलोमीटर पोहावयाचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावावयाचे. हे सारे साडेआठ तासांत!

हा अंतरांचा मध्यम टप्पा झाला. याच्या दुपटीचा प्रकार १९७८ साली हवाई बेटांत सुरू झाला. त्या दिवशी पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलरलाही पावणेबारा तासांहून अधिक वेळ लागला. ऑलिंपिकमध्ये २००० सालापासून असलेली शर्यत त्या मानाने आटोपशीर आहे: दीड किलोमीटर पोहणे, ४० सायकल, १० धावणे. नवशिक्याने मात्र त्याच्याही निम्म्यापासून, म्हणजे ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरपासून आरंभ करावा. साधारण तयारीच्या माणसास त्यास दीड-दोन तास पुरतात.

आता मिरामारचा हिशेब मांडून पाहा. पोहण्यास ५० मिनिटे; ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकलीस ३ तास ३६ मिनिटे; किलोमीटरला सात मिनिटे धरल्यास धावण्यास २ तास २८ मिनिटे; कपडे-बूट बदलण्यास १२ मिनिटे. एकूण ७ तास ६ मिनिटे. हाती ८४ मिनिटे उरतात. ही आपली शिल्लक होय. ती सकाळच्या उत्साहात उधळू नये. सायकलीवर गडबडीने मिळविलेली दहा मिनिटे दुपारच्या उन्हात, दमट हवेत, पाय जड झाल्यावर दुपटीने परत द्यावी लागतात.

खरी भीती पाण्याची. तलावात तळाशी रेघ दिसते, हाताशी काठ असतो. समुद्रात यांपैकी काहीच नाही. म्हणून शर्यतीपूर्वी जाणत्या सोबत्यासह अनेकदा समुद्रात पोहावे. एकट्याने कदापि उतरू नये. काही हात मारले की मान वर काढून बोया पाहण्याची सवय लावावी. किनाऱ्याकडे परतताना उगवता सूर्य डोळ्यांवर येतो, हेही ध्यानी असावे. आरंभीच्या गर्दीत श्वास अडखळला तर बाजूस व्हावे, पाठीवर तरंगावे, मग पुढे निघावे. आणि छातीत दुखू लागले, भोवळ आली, तर मदतीसाठी हात उंच करण्यात कमीपणा मानू नये. शर्यत पुढील वर्षीही येईल.

सायकलीवर थोडे थोडे पाणी, मीठ व अन्न घेत राहावे. नवे बूट वा नवे खाद्य त्या दिवशी प्रथमच वापरू नये.

दुपारी पुन्हा त्याच वाळूपाशी या. पहिल्या आलेल्यांचे कौतुक केव्हाच आटोपलेले असते. तरी घरची माणसे उन्हात उभीच असतात, रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून. वळणावर ओळखीची चाल दिसते आणि लहान मूल हात सोडवून पुढे धावते. त्याला घड्याळ वाचता येत नसते. आपले माणूस आले, एवढेच त्यास पुरते. प्रथमच उतरणाऱ्याने हेच आपले ध्येय मानावे.