पाखराच्या पायातील निरोप

पाखरे धरण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. कधी पोटासाठी, कधी पिंजऱ्यासाठी, तर कधी नुसत्या करमणुकीसाठी त्याने जाळी विणली. परंतु पाखरू धरायचे ते सोडून देण्यासाठीच, हा विचार मात्र तसा अलीकडचा. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील हान्स मोर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९० मध्ये पाखरांच्या पायांत जस्ताची कडी घालून पाहिली. ती जड ठरली. म्हणून १८९९ मध्ये त्याने अ‍ॅल्युमिनियमची हलकी कडी घेतली आणि त्यांवर क्रमांक कोरले. आपल्या जिज्ञासेचे ओझे दुसऱ्या जिवाच्या पायावर पडू नये, हा या शास्त्राचा पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये हे काम हाती घेतले. पुढे १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, ते मोठ्या प्रमाणावर झाले. स्थलांतर करणाऱ्या पाखरांबरोबर रोग पसरविणाऱ्या गोचिड्याही येतात काय, हा त्यामागील एक प्रश्न होता.

या विषयाची गोडी आम्हांला लागली ती कारंजा (घाडगे) येथील एका हिवाळी भटकंतीत. नागपूर-अमरावती रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या की सातपुड्याच्या फाट्यांवरील सागाचे रान सुरू होते. याच डोंगरपट्ट्यात बोरचे जंगल आहे. त्याला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आम्ही तीन कुटुंबे, मुलाबाळांसह, निघालो होतो. सोबत एक स्नेही होते. कडी घालण्याच्या शिबिरांत त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले आहे.

जाळे लावलेले पाहावे, ही मुलांची मोठी हौस. स्नेह्यांनी ती मोडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून रानातले पाखरू धरता येत नाही, मग ते घटकाभरासाठी का असेना! त्याऐवजी त्यांनी हातरुमालाची घडी घालून त्याचे पाखरू केले. पाखराची पाठ तळहाताला टेकवायची, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये अलगद ठेवायची, छातीवर मुळीच दाब येऊ द्यायचा नाही. कारण छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. मग पंखाची लांबी मोजायची, वजन करायचे, कडे चढवायचे आणि मूठ उघडायची. मुलांनी रुमालावर हात बसवून पाहिला. एरवी दांडगाई करणारी ती बोटे किती हळुवार झाली होती!

ओढ्याकाठी एक करडा धोबी शेपटी हलवीत फिरत होता. उन्हाळ्यात हिमालयाकडे वा त्याहूनही उत्तरेला वीण करणारा हा पाहुणा हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. कडी घातल्यामुळेच कळले की अशी कित्येक पाखरे दर हिवाळ्याला नेमक्या त्याच जागी परत येतात. हा धोबी गेल्या वर्षीचाच की दुसरा, हे मात्र डोळ्यांनी सांगता येत नाही.

एवढ्यात जवळच्या वस्तीवरचा एक मुलगा गळ्यात गलोल अडकवून आमच्यात येऊन बसला होता. सारे ऐकून त्याने विचारले, "असं कडं सापडलं तं बक्षीस भेटते का जी?"

"बक्षीस नाही बाबा," स्नेही म्हणाले, "पण आकडा कळवलास तर ते पाखरू कुठे, कधी सोडले होते, ते तुला कळेल. आणि कुठे सापडले, तेही नोंदले जाईल."

"मंग आमच्या गावाचं नाव लिवतीन का तिथं?"

"लिहितील."

मुलगा गप्प झाला. गलोल त्याने गळ्यातून काढली नाही, पण ओढ्याकडे पाहण्याची त्याची नजर पालटल्यासारखी आम्हांला वाटली.

परतताना स्नेह्यांनी अली हुसेन यांची हकिकत सांगितली. बिहारमधील मीरशिकार या परंपरागत पारधी समाजातले हे गृहस्थ. पाखरांना इजा न करता धरण्याचे त्यांचे पिढीजात कसब सोसायटीच्या अभ्यासकांच्या कामी आले. जो हात बाजारासाठी जाळे टाकीत होता, तोच कडे घालण्यासाठी टाकू लागला. कसब तेच राहिले, हेतू तेवढा बदलला.

आम्हांस वाटते, पाखराच्या पायातले कडे हे अनोळखी माणसावर टाकलेल्या विश्वासाचे चिन्ह आहे. ते घालणारा विद्वान असेल. पण त्याचे उत्तर बहुधा शेतकरी, कोळी, गुराखी किंवा शिकारीच देणार. त्याने भीतीपोटी ते फेकून दिले, तर सारे श्रम वाया गेले. म्हणून आपल्या मुलांना एवढे सांगून ठेवावे: पाखरू जिवंत असेल तर कडे काढू नये, क्रमांक तेवढा टिपून त्याला सोडावे, मेलेले आढळले तर क्रमांक, दिवस आणि गावाचे नाव वनखात्याला वा सोसायटीला कळवावे. गावाचे नाव विसरू नये. त्या मुलाला तेच सर्वांत मोलाचे वाटले होते, आणि अभ्यासकांनाही तेच हवे असते.