तळातलं वरण

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. उरते ती एक अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये तर वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात, दोन मोठे चमचे. आणि दिवसाला प्रथिनं लागतात किमान ६० ग्रॅम, बहुतेकांना ६० ते ८०. नेमका आकडा उंची, वजन, मूत्रपिंडाची तब्येत बघून डॉक्टर आणि डाएटिशियन ठरवतात. धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झाल्यापासून आमचं सगळं स्वयंपाकघर या एका गणिताभोवती फिरतंय. ही टिपणं त्यातलीच.

*

वरणाचा हिशेब. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं. तिचं वरण होतं वाटीभर. म्हणजे नुसत्या वरणावर ६० ग्रॅम गाठायचे तर आठ-नऊ वाट्या हव्यात. ज्या पोटात एक वाटी मावायला मारामार, तिथे हे कसं जमावं? शिवाय आपण वाढतो ते वरचं पातळ. डाळ तळाशी बसलेली असते. घरात आता नियम आहे: हिच्या वाटीत डाव खालपर्यंत घालून, ढवळून वाढायचं. फोडणीचं वरण डाव उभा राहील इतकं घट्ट. आईला ते वरण वाटतच नाही, पण करते.

*

आजारी माणसाला काय द्यायचं, तर मुगाचं कढण. आमच्याकडे कोल्हापुरात त्याच्या जोडीला मटणाचं अळणी, म्हणजे बिनतिखट नितळ रस्सा. भेटायला येणाऱ्या प्रत्येक मावशीच्या हातात यातला एक डबा असतोच, आणि त्यामागची माया खरी असते. पण कढण गाळलं की मुगाची बहुतेक प्रथिनं गाळणीत राहतात. अळणीत चव उतरते, मीठ उतरतं, थोडं जिलेटिन उतरतं, मांसाची प्रथिनं मात्र फोडीतच राहतात. ऑपरेशननंतरचे पहिले एक-दोन दिवस नितळ पातळच द्यायचं असतं, तेव्हा हे दोन्ही उत्तम. पुढच्या पातळ आहाराच्या आठवड्यांत, दूध चालू झालं की, फक्त त्यावर भागवलं तर माणूस दिवसभर पीत राहतो आणि पदरात काही पडत नाही. मूग शिजवून, मिक्सरमधून काढून, न गाळता देता येतात तेव्हा ते द्यावेत. कधीपासून, ते डाएटिशियनच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तिथे आपला अंदाज चालवू नये.

*

प्रथिनं कमी पडली तर होतं काय, हे घरातल्या सगळ्यांना नीट सांगायला हवं. वजन झपाट्यानं उतरत असतं आणि बघणारे खूश असतात. पण काटा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. खाण्यातून प्रथिनं आली नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं. मग जिना चढताना मांड्या भरून येतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जखम सावकाश भरते. फारच कमी पडलं तर पावलांना सूज येते. कुणी म्हणालं, ‘किती छान बारीक झालीस’, की मी मनातल्या मनात विचारते, नेमकं काय बारीक झालं? म्हणून चालण्याबरोबर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, वजनं उचलायचे व्यायामही सांगतात. स्नायूला काम मिळालं तर तो टिकतो.

*

केस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विंचरताना पुंजके हातात यायला लागले. ती रडली. वजन इतक्या वेगानं उतरलं की शरीराला बसलेल्या धक्क्यानं बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. बहुतेकांचं हे थांबतं, केस परत येतात. प्रथिनं, लोह, जस्त कमी असेल तर मात्र गळती लांबते. हे डॉक्टर आधी सांगतात, पण ऑपरेशनच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही. घरच्या एकानं तरी लक्षात ठेवावं.

*

आपलं जेवण भाकरीभोवती रचलेलं आहे. ‘भाकरी खाल्लीस का?’ म्हणजेच जेवलीस का. भाजी, आमटी, पिठलं हे सगळं तिला लावून खायचं. हिच्या पोटात भाकरीचे चार घास आधी गेले की पुढचं दार बंद. म्हणून क्रम उलटा: आधी अंडं, मासा, पनीर किंवा घट्ट डाळ, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. चांगल्या ज्वारीवर माझा राग नाही. पण हा क्रम एकटीनं पाळायचा म्हटलं की ती ताटावर परकी होते. आता आम्ही सगळेच तसं जेवतो. बाबा सुरुवातीला कुरकुरले, आता तेच आधी उसळीची वाटी मागतात.

*

‘भाताशिवाय वरणाचा उपयोग होतो का गं?’ आईचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरणभात एकमेकांची उणीव भरून काढतात. पण ती भरपाई एकाच घासात व्हावी लागत नाही, दिवसभराच्या खाण्यात झाली तरी चालते. दूध, दही, अंडी, मासे यांत सगळी आवश्यक अमिनो आम्लं असतातच. तेव्हा भात चमचाभर पुरे.

*

भूक लागत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा जो वरचा फुगीर भाग काढून टाकतात, तिथेच ग्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. ते घटतं आणि पहिले काही महिने भूक जवळजवळ गप्प होते. म्हणून भुकेची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. आमच्या बेताचा एक दिवस, मऊ जेवण सुरू झाल्यानंतरचा: सकाळी २०० मिली साय काढलेलं दूध, त्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर, झाले ११-१२ ग्रॅम. न्याहारीला एक अंडं आणि एक जादा पांढरं, साडेनऊ. दुपारी ५० ग्रॅम पनीरची मऊ भुर्जी, नऊच्या आसपास. मधल्या वेळी अर्धी वाटी चक्का, पाच-सहा. संध्याकाळी प्रोटीन पावडरचा एक स्कूप पाण्यातून, वीस-बावीस. रात्री ५० ग्रॅम मासा, दहा. बेरीज साठीच्या पुढे जाते. एखादी वेळ चुकली की मात्र रात्री ते भरून काढता येत नाही. पोट तेवढंच असतं.

*

पाणी जेवताना नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मग घोट घोट. तांबडा-पांढरा रस्सा ओरपत वाढलेल्या माणसाला हे कठीण जातं. रस्सा पोट भरतो आणि फोड ताटात राहते. हिनं स्वतःच वाटीतून फोड काढून घ्यायची आणि रस्सा मला द्यायची पद्धत पाडली.

*

चिकनची छातीची फोड आकड्यात सगळ्यांत श्रीमंत: शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅमपर्यंत. पण कोरडी. नीट चावली नाही तर छातीच्या मधोमध अडकते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, आणि बाहेर येईपर्यंत चैन नाही. आदल्या दिवशीचं गरम केलेलं तर अजून वाईट. खिमा बरा, दह्यात मुरवलेला, ओलसर ठेवलेला. मासा सगळ्यांत सोपा. ओला बोंबील मऊ म्हणून घेऊ नका. त्यात पाणीच फार, प्रथिनं इतर माशांहून बरीच कमी. त्यापेक्षा सुरमई, पापलेट, बांगडा. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्यांना तोड नाही: कोरड्या वजनाच्या निम्मी प्रथिनं. पण भिजून फुगतात, म्हणून त्यांचा बारीक चुरा करून घट्ट वरणात किंवा भुर्जीत मिसळायचा.

शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, १०० ग्रॅममध्ये २५. तेल मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट. कूट चवीपुरतंच.

*

उपवास. साबुदाण्यात प्रथिनं नावाला. हिची एकादशी लहानपणापासूनची, आणि ती सोडायला सांगणं मला पटत नाही. डॉक्टरांना विचारून, पोट स्थिरावल्यावर, असं जमवलं: राजगिऱ्याची लाही दुधात मऊ करून, पनीर, दही. निर्जळी नाही, म्हणजे नाहीच. देवाला पाणी प्यायलेलं चालतं, असं आईनंच सांगितलं.

*

गुढीपाडव्याला श्रीखंड. त्यात चक्क्याइतकीच साखर असते. बायपासनंतर तर साखर घाईनं आतड्यात उतरते. धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हनंतरही काहींना होतं. म्हणून साखर घालण्याआधीच हिचा चक्का वेगळा काढला. मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी. साध्या दह्याच्या दुप्पट-तिप्पट प्रथिनं त्यात असतात, आणि सणाच्या ताटात तिचीही पांढरी मूद होती.

*

पावडर घेताना डब्याची पुढची बाजू वाचू नये, मागची वाचावी. एका स्कूपमध्ये किती प्रथिनं, किती साखर. मुलांच्या वाढीसाठी म्हणून विकली जाणारी माल्टची पेयं ही प्रोटीन पावडर नव्हे. त्यात धान्य आणि साखरच जास्त. कोलॅजेनच्या पावडरीत ट्रिप्टोफॅन नसतं, त्यामुळे तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. दुधानं पोट बिघडत असेल तर व्हे आयसोलेट, नाहीतर सोया किंवा वाटाण्याची. उकळत्या दुधात व्हे घातली की गुठळ्या होतात. कोमट करून घालावी. ‘जिमवाल्यांची पावडर आहे, मूत्रपिंडं जातील’ असं सांगणारे नातेवाईक भेटतात. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्यांना काळजी घ्यावीच लागते. निरोगी माणसाला सांगितलेल्या मापात व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रथिन आहे.

*

लग्नाची पंगत. ‘एवढंसंच? आमच्या घरचं आवडलं नाही का?’ आग्रह ही आपली प्रेमाची भाषा. हिच्यासाठी मात्र एक घास जास्त म्हणजे उलटी, आणि चारचौघांत. मी हल्ली वाढणाऱ्यांच्या आधी जाऊन सांगते: तिला मसालेभात नको, मठ्ठा जेवणानंतर अर्ध्या तासानं, आणि मटकीच्या उसळीतली नुसती मटकी दोन चमचे. बहुतेक लोक ऐकतात. नेमकं काय वाढायचं ते कळलं की त्यांनाही हायसं वाटतं.

*

गोळ्या जन्मभर, हे अधोरेखित. बी-१२ शोषायला लागणारं इंट्रिन्सिक फॅक्टर जठरातच बनतं. जठर कापलं किंवा वळसा घालून बाजूला टाकलं की ते कमी पडतं. शाकाहारी माणसाला तर मुळातच बी-१२ कमी मिळतं. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. लोहाच्या गोळीवर चहा नको. सारख्या उलट्या होत असतील तर थायमिन उतरतं आणि नसांना इजा होऊ शकते. तेव्हा ‘उद्या बघू’ न म्हणता त्याच दिवशी दवाखाना.

*

ऑपरेशन होऊन बरेच दिवस झालेल्यांशी बोलताना एक गोष्ट पुनःपुन्हा ऐकू येते. भूक हळूहळू परत येते. आणि तेव्हा चिवडा, वेफर, बिस्किटं, आइस्क्रीम सहज उतरतं, कारण ते तोंडात विरघळतं; चिकन, उसळ, पनीर चावावं लागतं, त्यानं पोट भरून राहतं. सोपं ते जास्त जातं, आणि वजन परत चढायला लागतं. म्हणून आमच्याकडे चिवड्याचा डबा वरच्या फळीवर गेलाय आणि फ्रिजच्या दारात उकडलेली अंडी असतात, टरफलासकट, उकडल्याची तारीख पेन्सिलीनं लिहून. दर शनिवारी मटकी भिजते. चक्क्याचं फडकं रोज धुऊन वाळत पडतं.