अंगठा लागत नाही

काळेवाडी, थेरगाव आणि पिंपळे सौदागर यांच्या शेजारचे रहाटणी हे जुने गाव आता इमारतींचे उपनगर झाले आहे. इमारतींबरोबर सिमेंट, रंग आणि हार्डवेअरची दुकाने आली, आणि चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी बिऱ्हाडे आली. येथील हात नीट पाहिले तर माणसाचा धंदा विचारावा लागत नाही. कोणाच्या बोटांना लेथवरील कूलंटचा वास असतो, कोणाच्या नखांत सिमेंट असते, तर कोणाच्या तळव्यांवर भांड्यांच्या साबणाने निघालेली पांढरी सालपटे असतात. या सालपटांना आजार म्हणण्याची रीत नाही. ‘उष्णता झाली’ असे म्हणून गुलकंद खाल्ला जातो, खोबरेल चोळले जाते आणि विषय मिटतो. तो पुन्हा निघतो रास्त भाव दुकानात, यंत्रावर बोट टेकवल्यावर. ‘अंगठा लागत नाही’ हे तीन शब्द ऐकून हमालाला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

तळहाताची त्वचा जाड खरी, पण एका बाबतीत ती दुबळी आहे. तिच्यात घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, तैलग्रंथी मात्र नसतात. तिच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशींना स्निग्ध द्रव्याने एकत्र धरून ठेवलेले असते. साबण, सोडा, थिनर आणि गरम पाणी नेमके तेच द्रव्य धुऊन नेतात. हा थर नव्याने तयार होण्यास साधारण एक महिना लागतो. खर्च रोजचा आणि जमा महिन्याने, असे हे खाते आहे. ते तुटीत जाणारच.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू बाराच्या पुढे जातो. गोणी तर कोरडी असते, मग ती उतरवणाऱ्याला काय होणार, असे दुकानदाराला वाटते. परंतु घामेजलेल्या तळव्यावर बसलेली भुकटी म्हणजे ओले सिमेंटच. शिवाय सिमेंटमधील क्रोमियमची एकदा ॲलर्जी जडली की पुढे अनेक वर्षे त्याचा अंशही सोसत नाही. युरोपीय संघाने २००५ पासून या विद्राव्य क्रोमियमवर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. कारखान्यातील कामगाराची कथा थोडी वेगळी आहे. कूलंट त्रास देतेच, पण सुटीच्या भोंग्यानंतर हाताचे काळे वंगण काढण्यासाठी तो जे थिनर किंवा पेट्रोल वापरतो, ते त्याहून अधिक त्वचा सोलते. जैन घरांत लसूण सोलून बोटांची टोके उलण्याचा प्रश्न येत नाही, एवढे सुख. मात्र लोणच्याची लिंबे चिरताना आणि पापडखार घातलेले पीठ मळताना त्याची भरपाई होऊन जाते.

प्रत्येक सालपट कामामुळेच निघते असे नाही. उन्हाळ्यात घाम येणाऱ्या तरुण हातांवर खाज नसलेली गोल सालपटे निघतात आणि काही आठवड्यांत आपोआप थांबतात. एकाच तळहाताची आणि दोन्ही पावलांची साल निघत असेल तर बहुधा तो नायटा असतो. येथे औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेले मिश्र मलम घात करते. त्यातील स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी पसरत जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे ‘एच’ अनुसूचीत घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय चालते, ते औषधांच्या व्यापारातील कुटुंबांना सांगण्याची गरज नाही. लहान मुलाला पाच दिवस वा अधिक ताप, लाल डोळे, लाल ओठ, अंगावर पुरळ, आणि मग बोटांच्या टोकांची साल, असा क्रम दिसला तर मात्र एक दिवसही दवडू नये. जपानी डॉक्टर कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेला हा रोग हृदयाच्या धमन्यांना इजा करू शकतो. साल निघण्याची वाट न पाहता तापातच बालरोगतज्ज्ञ गाठावा.

बोटाच्या ठशावर विश्वास टाकण्याची आधुनिक प्रथा मुळात एका व्यापारी करारातून निघाली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा ठेका देताना ठेकेदाराच्या हाताचा ठसा कागदावर घेतला. पुढे देशातील पहिले आधार नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २०१० मध्ये दिले गेले. ठसा आयुष्यभर बदलत नाही हे खरे, पण त्याच्या रेषा झिजतात. कर्करोगावरील कॅपेसिटाबिन या औषधाने साल जाऊन ठसेच न राहिलेल्या सिंगापूरच्या एका वृद्धास २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवण्यात आले होते. रहाटणीच्या हमालाला एवढ्या लांब जावे लागत नाही. त्याने मागून घ्यावे असे बरेच आहे. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, तेव्हा दुसरे बोट लावून पाहता येते. डोळ्याच्या बुबुळाचा किंवा मोबाइलवरील ओटीपीचा पर्याय असतो. केवळ ठसा जुळला नाही म्हणून शिधा नाकारू नये, अशा सूचना केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरातील हयातीचा दाखला चेहऱ्यावरूनही देता येतो.

रसायने आणि रंगांच्या संपर्काने होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत शासनाला कळवण्याच्या रोगांमध्ये घातला गेला. दुकान म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे दुकानातील हमालाच्या हातांची जबाबदारी ज्याच्या गल्ल्यातून त्याची मजुरी जाते त्याच्यावर येते. गोणी उतरवणाऱ्यांसाठी जाड हातमोजे, हात धुण्यास साधे पाणी आणि सौम्य साबण, आणि नळाजवळ व्हॅसलिनची एक बाटली, एवढा हा खर्च. हात धुऊन टिपले की ओलसर असतानाच व्हॅसलिन लावावे. रात्री लावून वर सुती मोजे घातले तर अधिक गुण येतो. अंगठीखाली साबण साचतो, म्हणून काम करताना ती काढून ठेवावी. ठसा देण्याच्या दिवशी मात्र बोट आधी धुऊन पुसावे, कारण तेलकट बोटही यंत्र वाचत नाही.

काही दुकानांत हमालांसाठी हातमोजे येऊ लागले आहेत. त्याच मालकांच्या घरी दोन वेळची भांडी घासणाऱ्या बाईसाठी ते अजून क्वचितच येतात. तिच्या मापाचे, आतून सुती अस्तराचे जोड खाली त्यांच्याच दुकानाच्या खुंटीला टांगलेले असतात.